टोनी हॉक ३, निन्टेन्डो ६४ वाला: सेव्ह केलेलं करिअर सकाळी गायब? कॅसेट बदलायच्या आधी हे बघा

रात्री जागून फाउंड्री लेव्हल संपवली, कॅनडा संपवलं, रिओला मेडल घेतलं, मेनूत जाऊन नीट सेव्ह केलं, आणि दुसऱ्या दिवशी चालू केलं तर करिअर पहिल्यापासून. परत खेळलात, परत सेव्ह केलं, परत गायब. निन्टेन्डो ६४ या जुन्या गेम कन्सोलवरच्या टोनी हॉक्स प्रो स्केटर ३ या स्केटबोर्डिंगच्या गेमचं हे एकच दुखणं घेऊन माझ्याकडे आतापर्यंत चार-पाच जण आलेत, आणि प्रत्येकाने माझ्याकडे यायच्या आधी कॅसेटवर संशय घेऊन दुसरी कॅसेट शोधायला सुरुवात केलेली होती. थांबा, पैसे घालवू नका. तुमची कॅसेट बहुतेक ठणठणीत आहे.

कारण या गेमची सेव्ह कॅसेटमध्ये नसतेच.

गोंधळ का होतो ते मला कळतं. ज्यांनी सुपर मारिओ ६४ खेळलाय त्यांना माहितीये की कॅसेट काढा, दुसऱ्याच्या घरी नेऊन लावा, तुमचे स्टार तिथे दिसतात, कारण त्या कॅसेटमध्येच एक छोटी चिप आहे जिच्यात सेव्ह राहते आणि तिला सेलही लागत नाही. झेल्डाचा ओकारिना ऑफ टाइम पण कॅसेटमध्येच सेव्ह करतो, फक्त तिथे आत बॅटरी आहे. त्यामुळे सेव्ह म्हणजे कॅसेट हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. टोनी हॉकचं तसं नाही, तो कंट्रोलर पॅक मागतो. कंट्रोलर उलटा केलात की झेड बटणाच्या वरच्या अंगाला एक खोबणी दिसेल, तिच्यात जो काडेपेटीपेक्षा थोडा मोठा करडा डबा खुपसतात ना, तो कंट्रोलर पॅक. तुमचं करिअर त्या डब्यात आहे. म्हणजे असलं तर तिथे आहे.

आता त्या डब्याच्या आत काय असतं ते एकदा समजून घ्या, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. आत ३२ केबीची एक मेमरी चिप आहे, एसरॅम जातीची, आणि एक नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, म्हणजे कारच्या चावीत किंवा वजनकाट्यात घालतो तोच. एसरॅमचा स्वभाव असा की तिला सतत थोडा तरी करंट मिळाला पाहिजे, एक क्षण जरी तुटला तरी तिच्यातलं सगळं पुसलं जातं. कन्सोल चालू असताना तिला करंट कन्सोलकडून मिळतो. बंद केला की त्या क्षणापासून सेल सांभाळतो. निन्टेन्डो ६४ आला १९९६ ला, टोनी हॉक ३ त्याच्यावर आला २००२ ला, म्हणजे तुमच्या हातातला पॅक जर त्या काळातला असेल आणि सेल कुणी बदललेला नसेल तर तो सेल वीस वर्षांच्या वर जुना आहे. इतकी वर्षं चालला हेच खूप झालं.

म्हणूनच हा प्रॉब्लेम माणसाला चकवतो. तुम्ही सेव्ह करता, गेम म्हणतो झालं, तुम्ही मेनूत जाऊन परत लोड करून बघता, सगळं व्यवस्थित दिसतं, मग निर्धास्तपणे बंद करून झोपता. खेळत होतात तेवढा वेळ चिपला कन्सोल जगवत होता, सेलची परीक्षा रात्री सुरू झाली आणि तो तिथेच नापास झाला. गेम खोटं बोलला नाही, सेव्ह खरंच झालेली होती.

माझ्याकडे हे कसं झालं ते सांगतो. मी काही वर्षं टेक्सासमध्ये ऑस्टिनला होतो, तिथे एका गराज सेलमध्ये मला कन्सोल, दोन कंट्रोलर, चार कॅसेटी आणि एक दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचा मेमरी पॅक असं सगळं एका खोक्यात मिळालं, त्यात हा टोनी हॉक ३ होता. नंतर मला कळलं की निन्टेन्डो ६४ वाला हा गेम ज्या टीमने बनवला, एज ऑफ रिअॅलिटी, ती ऑस्टिनचीच. पीएस२ चा, म्हणजे प्लेस्टेशन २ चा, मूळ गेम नेव्हरसॉफ्टचा, २००१ चा, आणि त्याला जुन्या मशीनवर बसवायचं काम या लोकांनी केलं. पहिले दोन भाग पण निन्टेन्डो ६४ वर त्यांनीच आणले होते. हा तिसरा ऑगस्ट २००२ मध्ये आला, तोपर्यंत अमेरिकेत निन्टेन्डोचं पुढचं मशीन गेमक्यूब येऊन नऊ महिने झाले होते, आणि अमेरिकेत निन्टेन्डो ६४ साठी निघालेला हा शेवटचा गेम. त्याच्यानंतर त्या मशीनला तिथे अधिकृतपणे काही आलं नाही.

लोक याला पीएस२ वाल्याचा गरीब भाऊ म्हणतात ते मला पटत नाही. पीएस२ ला ३२ एमबी रॅम, याला ४. पीएस२ ला डीव्हीडी, आणि इथे कॅसेटची कमाल मर्यादाच ६४ एमबी. एका वेळी टेक्स्चरसाठी जी झटपट मेमरी वापरता येते ती फक्त ४ केबी, म्हणून भिंती धूसर दिसतात. व्हिडिओ नाहीत, गाणी कापून छोटी केलीत, लेव्हल आटोपशीर केल्यात. पण दोन मिनिटांचा रन आहे, एस-के-ए-टी-ई ही अक्षरं गोळा करायची आहेत, मॅन्युअलने (दोन चाकांवर तोल सांभाळत जाणं) एक ट्रिक दुसरीला जोडत नेताना हाताला येणारा घाम तोच आहे. एवढ्याशा जागेत त्यांनी हे बसवलंय याचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि म्हणूनच कुणी सेव्ह जाते म्हणून हा गेम कपाटात टाकून दिला की मला वाईट वाटतं.

तर ठाण्याला परत आल्यावर माझा मुलगा, तेव्हा सातवीत होता, त्याने सुट्टीत हा गेम काढला. तीन दिवस खेळला. चौथ्या दिवशी सकाळी मला उठवलं आणि म्हणाला, "बाबा, माझं सगळं गेलं." मी आधी त्यालाच विचारलं की तू सेव्ह केलंस का नीट, मध्येच बंद केलंस का, आणि त्याने मला शपथ घेऊन सांगितलं की स्क्रीनवर सेव्ह झालं असं आल्यावरच बंद केलं. मी त्याच्यावर विश्वास ठेवायला दोन दिवस लावले, आणि त्या दोन दिवसात त्याचं करिअर अजून दोनदा गेलं. तुमच्याकडे मूल खेळत असेल तर कृपा करून आधी त्याचं ऐका, त्याची चूक असायची शक्यता फारच कमी आहे.

आता तपासायचं कसं. घाईत पॅक उघडू नका, आधी बसल्या जागी होणारी परीक्षा करा. पॅक पहिल्या नंबरच्या कंट्रोलरमध्ये लावा आणि परीक्षा संपेपर्यंत तोच कंट्रोलर, तोच पॅक, काही हलवायचं नाही. एक छोटा रन खेळा, सेव्ह करा. मग कन्सोलवरचं रीसेट बटण दाबा, पॉवरचं नाही, रीसेटचं. रीसेटने करंट तुटत नाही. परत गेम सुरू झाला की लोड करून बघा. इथेच सेव्ह नसेल तर सेलचा प्रश्न नाही, कॉन्टॅक्टचा आहे, त्याच्याबद्दल खाली लिहितो. रीसेटनंतर सेव्ह शाबूत असेल तर आता पॉवर बंद करा, मनात तीसपर्यंत मोजा आणि चालू करा. काही वेळा इथेच गेलेली असते, म्हणजे सेल पूर्ण मेलाय. काही वेळा इथे असते पण रात्रभर बंद ठेवली की जाते, तो सेल अर्धमेला आहे, थोडा वेळ तग धरतो आणि मग सोडतो. आमच्याकडे हा तिसरा प्रकार होता आणि तोच सगळ्यात त्रासदायक, कारण दिवसा दहा वेळा बंद-चालू करून बघा, सगळं ओके, आणि सकाळी कोरं.

अजून एक प्रकार आहे ज्यात सेव्ह गेलेली नसतेच. त्या काळात दुसऱ्या कंपन्यांचे जास्त मेमरीचे पॅक मिळायचे, एका डब्यात तीन-चार पॅक असल्यासारखे, आणि त्यांच्यावर एक छोटं बटण किंवा खटका असायचा, तो दाबला की दुसरा कप्पा उघडतो. गेमला एका वेळी एकच कप्पा दिसतो. खेळताना बोट लागून तो खटका सरकला की तुमची सेव्ह नाहीशी झाल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती शेजारच्या कप्प्यात सुखात असते. एका ओळखीच्यांचा पॅक मी उघडायच्या बेतात होतो, स्क्रू अर्धा फिरवला होता, आणि तेवढ्यात कडेला ते बटण दिसलं. एकदा दाबलं आणि त्यांच्या बहिणीचं कधीचं जुनं करिअर समोर. सेल काढला असता तर ते कायमचं गेलं असतं. तेव्हापासून मी कुणाचाही पॅक हातात घेतला की आधी चारही बाजू फिरवून बघतो.

आणि रंबल पॅक. तो पण त्याच खोबणीत बसतो, दिसायला थोडा वेगळा, त्याला एएए चे दोन सेल लागतात. ग्राइंड करताना, म्हणजे कठड्यावरून बोर्ड घासत जाताना, हाताला थरथर येते म्हणून मुलांना तो फार आवडतो आणि मग मेमरी पॅक काढून तो लावला जातो. रंबल पॅकमध्ये मेमरी अजिबात नसते, तो लावलेला असताना सेव्ह करायला गेलात तर पॅक नाही असंच म्हणणार. खेळताना बदलायचाच असेल तर सेव्ह किंवा लोड चालू नसताना बदला. सेव्ह चालू असताना पॅक खेचला तर नुसती ही एक सेव्ह नाही, पॅकमधली यादीच बिघडू शकते, आणि मग बाकीच्या गेमच्या सेव्ह पण जातात.

जागेचं पण बघून घ्या. पॅकमध्ये वापरायला १२३ पानं असतात आणि जास्तीत जास्त १६ नोंदी बसतात, कुठलीही एक मर्यादा संपली की नवीन सेव्ह होत नाही, पानं शिल्लक असली तरी. बरेच गेम, म्हणजे जे कंट्रोलर पॅक वापरतात ते, स्टार्ट बटण दाबून ठेवून पॉवर चालू केली की पॅकची यादी दाखवतात आणि तिथून जुनं काही पुसता येतं. पुसताना दोनदा वाचा. तिथून पुसलेलं परत येत नाही.

कॉन्टॅक्टचं आता. रीसेटच्या परीक्षेत नापास झालात, किंवा पॅक कधी दिसतो कधी दिसत नाही, किंवा कंट्रोलर थोडा हलवला की मेसेज येतो, तर पॅकच्या तोंडाशी असलेल्या पट्ट्यांवर आणि कंट्रोलरच्या खोबणीत काळा थर बसलाय. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-ठाण्याला आणि कोकणात, एक पावसाळा कपाटात पडून राहिला तरी पट्ट्या काळपट होतात. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेट फुंकलीये, पण ते आता नका करू, फुंकरीबरोबर ओल जाते आणि पट्ट्या अजून खराब होतात. मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, नव्वद टक्क्यांच्या वरचं घ्या, सॅनिटायझर चालणार नाही, त्यात जेल आणि वास घालतात. कानात घालायची कापसाची काडी त्यात भिजवून, निथळून, पट्ट्यांवर एकाच दिशेने फिरवा. काडी काळी होईल, दुसरी घ्या, काडी पांढरी निघेपर्यंत. खोबणीच्या आत काडी जात नसेल तर जुन्या व्हिजिटिंग कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून तेच करा. दहा मिनिटं सुकू द्या. पॉलिश पेपर अजिबात नको, वरचा मुलामा निघून जातो आणि मग पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने काळं पडतं.

यानेही नाही झालं तर पॅक दुसऱ्या कंट्रोलरमध्ये लावून बघा. तिथे चालला तर पहिल्या कंट्रोलरची खोबणी किंवा वायर गेलीये. दोन्हीकडे नाही चालला तर दोष पॅकचा.

आता सेल बदलणं. पहिली गोष्ट, सेल काढला की आत जे काही आहे ते जातं. म्हणजे अर्धमेला सेल असेल आणि त्यात एखाद्या दुसऱ्या गेमची जुनी सेव्ह अजून जिवंत असेल तर आधी ठरवा की ती गेली तर चालणार आहे का. पॅकमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवून घेणारी उपकरणं मिळतात, कुणा हौशी माणसाकडे असेल तर त्याच्याकडून कॉपी करून घ्या. काही जण कन्सोल चालू ठेवून, पॅक कंट्रोलरमध्ये असताना उघडून सेल बदलतात म्हणजे मेमरी जात नाही. मी ते करत नाही आणि तुम्हालाही करा म्हणणार नाही, चालू सर्किटमध्ये सोल्डरिंग आयर्नचं टोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर सेव्हबरोबर चिप आणि कंट्रोलरही जायचा.

मी माझा पॅक उघडला तो एका रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरून. डबा दोन भागात उघडतो, आधी स्क्रू बघा कुठल्या जातीचा आहे आणि त्याला बसणाराच ड्रायव्हर घ्या, सुरीने उचकटायला गेलात तर प्लॅस्टिकचे हूक तुटतात आणि मग डबा कंट्रोलरमध्ये घट्ट बसत नाही, म्हणजे कॉन्टॅक्टचा नवाच प्रॉब्लेम. आत एक छोटी हिरवी पाटी, एका टोकाला सोनेरी पट्ट्या, मधोमध काळी चिप, आणि तिच्या शेजारी सेल. माझ्या सेलच्या कडेला पांढरी पावडर आली होती, बोटाला लावून बघायचा मोह झाला पण नका लावू. मल्टिमीटर लावला तर १.८७. नवीन सेल तीनच्या थोडा वर दाखवतो. चिपला डेटा धरून ठेवायला साधारण दोन व्होल्ट तरी लागतात, म्हणजे तो नेमका काठाखाली उतरलेला होता आणि आमचं करिअर रोज रात्री त्या काठावरून पडत होतं. तो आकडा मी मुलाला बोलावून दाखवला आणि त्याला सॉरी म्हटलं.

काही पॅकमध्ये सेल नुसता क्लिपमध्ये अडकवलेला असतो, तुमचा तसा असेल तर जिंकलात, लाकडी टूथपिकने सरकवा, नवीन घाला, पाच मिनिटांचं काम. माझ्यातला मात्र पट्ट्या जोडलेला होता आणि त्या पट्ट्या पाटीला सोल्डर केलेल्या. अशा वेळी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, नाण्यासारख्या सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. कितीही व्हिडिओत कुणी करताना दिसलं तरी नका. गरम झाला की तो फुगतो, फुटू शकतो, आणि तुमचं तोंड त्याच्या अगदी वर असतं. बाजारात पट्ट्या जोडलेलाच सीआर २०३२ मिळतो, दुकानदाराला "टॅबवाला सेल" म्हणून सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत विचारा, एका दुकानात नसेल तर शेजारचा देतो. पट्ट्यांची टोकं कुठल्या बाजूला वळलेली आहेत ते जुन्याशी जुळवून घ्या. सेल होल्डर बसवायचा विचार पण चांगला आहे, पुढच्या वेळी सोल्डरिंग नको, पण आधी उंची मोजा, बहुतेक होल्डर जाड असतात आणि मग डबा बंद होत नाही.

जुना काढायच्या आधी मोबाइलने फोटो काढा, अधिक कुठे आणि उणे कुठे ते स्पष्ट दिसेल असा. पाटीवर चिन्ह असतं पण वीस वर्षांत पुसट झालेलं असतं. जुन्या सोल्डरवर आधी थोडं नवीन सोल्डर टाका म्हणजे ते पटकन वितळतं, मग आयर्न टेकवून पट्टी हळूच वर उचला, जोर लावू नका, जोर लावला की पाटीवरचा तांब्याचा ठिपकाच उखडून येतो. एका ठिकाणी तीन-चार सेकंदांच्या वर आयर्न ठेवायचं नाही, नाही निघालं तर थंड होऊ द्या, परत. नवीन बसवल्यावर डबा बंद करायच्या आधी मल्टिमीटरने परत एकदा बघा, अधिक-उणे उलटं झालेलं नाही ना.

काढलेला सेल टेबलावर सोडू नका. घरात लहान मूल असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, असा सेल गिळला गेला तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होते. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात द्या.

सेल बदलल्यावर पहिल्यांदा पॅक लावाल तेव्हा घाबरायचं नाही. चिपमध्ये तेव्हा कचरा भरलेला असतो, कुठलीच यादी नसते, त्यामुळे गेम म्हणेल की पॅक खराब आहे, दुरुस्त करायचा का. हो म्हणा. एवढ्याला घाबरून एकाने माझ्याकडे पॅक परत पाठवला होता, त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं. मग रिकामा पॅक दिसेल, १२३ पानं मोकळी. आता पुन्हा तीच परीक्षा, रीसेट, तीस सेकंद, आणि रात्रभर. आमच्याकडे त्या रात्री मुलगा झोपायलाच तयार नव्हता, सकाळी सहाला त्याने चालू केलं आणि मी आतल्या खोलीत असताना त्याची आरोळी ऐकू आली तेव्हाच मला कळलं काय झालं ते.

सोल्डरिंग जमत नसेल आणि करून देणारंही कुणी नसेल तर हल्ली नवीन बनवलेले पॅक मिळतात ज्यात एफरॅम चिप असते, तिला सेलच लागत नाही. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की आत सेल आहे का. बरेच स्वस्त पॅक नवे म्हणून विकले जातात आणि आत तोच सेलवाला प्रकार असतो, कधीकधी सेल आधीच उतरलेला. माझं मत विचाराल तर रोज खेळणार असाल तर एफरॅमवाला घ्या. मी माझा जुनाच ठेवलाय, कारण आता तो उघडायला मला दहा मिनिटं लागतात.

दोन गोष्टी सेव्हच्या नाहीत पण हाच गेम अमेरिकेहून आणणाऱ्यांना हमखास भेटतात म्हणून सांगून टाकतो. तिथल्या कन्सोलचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आहे. मोबाइलच्या चार्जरसारखा तो दोन्हीकडे चालत नाही. आपल्या २३० वर नुसती पिन बदलून लावला तर जळतो. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, कन्सोलला वीज फार लागत नाही, छोटा पुरतो, पण तो ट्रान्सफॉर्मरच असावा, हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर नको. आणि लाल दिवा लागतो पण पडदा काळाच राहतो अशी तक्रार असेल तर कॅसेटच्या आधी कन्सोलच्या पुढच्या झाकणाखालचा जम्पर पॅक किंवा एक्सपान्शन पॅक (मेमरीच्या खाचेत बसणारा तुकडा) काढून परत दाबून बसवा, प्रवासात तो हमखास सैल होतो आणि त्याच्याशिवाय मशीन सुरूच होत नाही.

दुसरं, स्केटर आपोआप एका बाजूला वळत असेल, मॅन्युअल धरला की सारखा पडत असेल, तर स्टिक मोकळी सोडून एल, आर आणि स्टार्ट एकदम दाबा, स्टिकचा मध्य नव्याने ठरतो. चालू करताना अंगठा स्टिकवर असेल तर तो चुकीचा मध्य धरून बसतो, एवढंच असतं बऱ्याचदा. हा गेम मी तर सगळा प्लसच्या बटणांवरच खेळतो.

आता शेवटची केस, जी दोनदाच बघितलीये. सेल नवा, कॉन्टॅक्ट चकाचक, सगळ्या परीक्षा पास, आणि महिन्या-दोन महिन्यांत परत सेव्ह गायब. उघडून मोजलं तर नवा सेल उतरलेला. चांगला सेल या कामात वर्षानुवर्षं जायला हवा, कारण चिपला बंद असताना लागणारा करंट अगदी नगण्य असतो. इतक्या लवकर उतरतोय म्हणजे पाटीवर कुठून तरी गळतोय. एकदा नुसतं सोल्डरिंगचं फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो पदार्थ) पुसायचं राहिलं होतं आणि त्याच्यावर दमट हवेने चिकट थर आला होता, अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासल्यावर बंद झालं, तो पॅक अजून चालतोय. दुसऱ्यात चिपच गेलेली होती, त्याला इलाज नव्हता, पॅक बदलला. त्यामुळे सेल बसवून झाला की त्याच दिवशी पाटी अल्कोहोलने पुसून घ्या आणि डब्यावर कागदी स्टिकर लावून तारीख आणि व्होल्ट लिहून ठेवा, माझ्या पॅकवर मुलाच्या अक्षरात लिहिलेलं आहे, ३.२६.